जुन्या झाडांच्या छाटणीची परवानगी: ठाण्यातल्या सोसायट्यांचे अर्ज कुठे अडकतात

नौपाडा, विष्णुनगर, चरई, पाचपाखाडी या भागांत इमारती उभ्या राहिल्या तेव्हा कुंपणालगत लावलेले गुलमोहर, सोनमोहर आणि विलायती शिरीष आता म्हातारे झाले आहेत. फांद्या गच्चीवर टेकतात, मुळं पेव्हर ब्लॉक उचलतात, आणि मे महिना आला की सोसायट्यांची धावपळ सुरू होते. अर्ज जातात, त्यातले बरेच परत येतात. परत येण्याचं कारण बहुतेक वेळा झाडात नसतं, कागदात असतं.

पहिला गैरसमज असा की आपल्या आवारातलं झाड आपलं, तेव्हा फांदी तोडायला कुणाला विचारायचं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खासगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे. या कायद्यात झाड तोडणं याचा अर्थ बुंध्यावर करवत चालवणं एवढाच नाही; जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. त्यामुळे मोठी फांदी विनापरवाना उतरवली तरी सोसायटी अडचणीत येते आणि पत्र चेअरमन-सेक्रेटरींच्या नावाने निघतं. नवी मुंबईतही कायदा हाच.

अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे करायचा. सोसायटीचं लेटरहेड, समितीचा ठराव, झाडांचे फोटो, जागेचा साधा नकाशा आणि चालू मालमत्ता कराची पावती जोडायची. आवक कक्षाचा शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. इथपर्यंत कुणी अडत नाही.

अडतात ते मागणीच्या ओळीवर. “आवारातील धोकादायक झाडे तोडण्यास परवानगी मिळावी” असं एका ओळीत लिहिलेला अर्ज म्हणजे नकाराला आमंत्रण. पाहणीला आलेल्या माणसाला समोर एक धडधाकट आंबा, एक वाळलेल्या फांद्यांचा सोनमोहर आणि एक तिरका शिरीष दिसतो, आणि अर्ज तिन्ही तोडायचे म्हणतो. मग सगळाच अर्ज नामंजूर होतो आणि ज्या सोनमोहराची खरी भीती होती तोही तसाच राहतो. प्रत्येक झाडाची नोंद वेगळी करा: जात, जमिनीपासून 1.37 मीटर म्हणजे साडेचार फुटांवर मोजलेला बुंध्याचा घेर, अंदाजे उंची, झाडावर वृक्षगणनेचा क्रमांक असेल तर तो, आणि नेमकं काय हवं आहे. उदाहरणार्थ: “सोनमोहर, घेर 1.6 मीटर, ब विंगच्या जिन्याच्या बाजूची सुमारे 20 सेंटीमीटर जाडीची वाळलेली फांदी, खाली मुलांची खेळायची जागा. फक्त ही फांदी काढायची आहे.” असा अर्ज वाचणाऱ्याला जागेवर येण्याआधीच अर्धा विषय कळलेला असतो.

कारणंही तपासून लिहा. पालापाचोळा पडतो, गाडीवर पक्षी घाण करतात, तिसऱ्या मजल्यावर उजेड येत नाही, दुकानाची पाटी झाकली जाते, ही कारणं टिकत नाहीत. टिकतं ते जीविताला किंवा मालमत्तेला असलेला धोका, झाड मेलेलं किंवा रोगट असणं, रहदारीला अडथळा. धोका मात्र फोटोत दिसला पाहिजे. बुंध्याच्या तळाशी उगवलेल्या कठीण, कंगोऱ्यासारख्या अळंब्या, झाड ज्या बाजूला कललं आहे त्याच्या उलट बाजूला जमिनीत पडलेली ताजी भेग, दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात उभी चीर, ढोलीतून गळणारा भुसा. प्रत्येक खुणेचा एक फोटो जवळून आणि एक लांबून, इमारत ओळखू येईल असा. नुसता हिरवागार झाडाचा फोटो जोडून धोकादायक म्हटलं तर कुणी मानणार नाही. उलट, कलतं झाड म्हणजे पडणारं झाड असंही नाही. कित्येक शिरीष वर्षानुवर्षं तिरके उभे आहेत. कल अलीकडे वाढला आहे का, हे दाखवणारा जुना फोटो असेल तर तो सोन्यासारखा.

आता तो कागद, जो जुन्या सोसायट्यांकडे जवळपास नसतोच: जमिनीच्या मालकीचा पुरावा. मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मागितलं की कळतं, जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे, कारण अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं (कन्व्हेयन्स), झालेलंच नाही. यावर कायमचा इलाज म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स), म्हणजे मालक किंवा बिल्डर पुढे येत नसला तरी होणारं हस्तांतरण, करून घेणं. पण त्यासाठी लागणारा वेळ पाहता वाळलेली फांदी तोवर थांबणार नाही. म्हणून आहे ते सगळं एकत्र जोडा: सोसायटीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, मंजूर नकाशाची किंवा भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, सोसायटीच्या नावाची कराची बिलं, आणि मालमत्ता पत्रकावर नाव वेगळं का आहे याचा खुलासा करणारं समितीचं पत्र. खुलासा आधीच जोडलेला असला की एक पूर्ण फेरी वाचते. खरं तर “कागदपत्रे अपूर्ण” एवढाच शेरा मारून फाइल परत पाठवणं थांबायला हवं. कोणता कागद कमी आहे हे एका ओळीत लिहायला कितीसा वेळ लागतो? तसा शेरा मिळाला तर तोंडी विचारून घरी येऊ नका, लेखी मागा.

कुंपणावरचं झाड असेल तर बुंधा कोणाच्या हद्दीत आहे ते बघा. फांद्या तुमच्याकडे आणि बुंधा शेजारी असेल तर शेजारच्या सोसायटीचं ना हरकत पत्र अर्जाबरोबरच द्या. बुंधा फुटपाथवर असेल तर ते झाड महापालिकेचं. तिथे तुम्ही अर्ज नव्हे, तक्रार करायची.

वयाच्या रकान्यात लोक सहज काहीतरी लिहून टाकतात आणि मग पस्तावतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड प्राचीन वृक्ष, म्हणजे हेरिटेज ट्री ठरतं आणि त्याची छाननी अधिक कडक होते. शिवाय झाड तोडायची परवानगी मिळालीच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. 45 वर्षांचा गुलमोहर गेला तर 45 झाडं, आणि त्यांची सात वर्षं निगा. नौपाड्यातल्या सोसायटीत दोन स्कूटर वळायला जागा नसते, तिथे 45 झाडं कुठे लावणार याचं उत्तर अर्ज करण्यापूर्वीच ठरलेलं हवं. जिव्हाळ्यापोटी “आजोबांच्या काळचं” म्हणून 80 लिहू नका आणि काम सोपं व्हावं म्हणून 20 ही लिहू नका. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, जुने फोटो, झाड लावलेलं आठवणाऱ्या रहिवाशाचं लेखी निवेदन यांवरून अंदाज द्या आणि त्याला अंदाजच म्हणा. हा हिशेब एकदा मांडला की बहुतेक समित्यांना कळतं, आपल्याला झाड नकोय असं नाही, फांदी नकोय.

तारखांचा घोळ वेगळाच. मुंबई-ठाणे परिसरात मोसमी पाऊस साधारण 11 जूनच्या आसपास येतो आणि अर्ज येतात मेच्या शेवटच्या आठवड्यात. पाहणी, मंजुरी, ठेकेदार, गाडी लावायची सोय, हे सगळं पंधरा दिवसांत बसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज करा. झाड तोडायचं असेल तर हरकती मागवणारी जाहीर सूचना निघते, ती झाडावरही लावली जाते. ती सूचना म्हणजे परवानगी नव्हे. नोटीस लागली म्हणजे काम मंजूर झालं असं समजून दुसऱ्या दिवशी करवत बोलावली जाते, हे फार धोक्याचं आहे. परवानगीपत्र हातात आल्यावर त्यावरची मुदत आणि अटी दोन्ही वाचा. पावसाळ्यात शिरिषावर बगळ्यांची वीण चालू असते. घरटी, पिल्लं असतील तर परवानगी असूनही काम थांबवा. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आडवा येतो, आणि यायलाच हवा.

फांदी आत्ताच तुटून लोंबत असेल तर अर्जाची वाट बघू नका. अग्निशमन दलाला 101 वर कळवा, खालची जागा दोरीने बंद करा. फांदी विजेच्या तारेवर असेल तर महावितरणला 1912 वर कळवून पुरवठा बंद झाल्याशिवाय कुणीही, अगदी सोसायटीचा वॉचमनही, बांबू लावू नये. लाकूड हलवण्याआधी फोटो काढून ठेवा, नंतर पंचनाम्याला आणि गाडीच्या विम्याला तेच लागतात.

परवानगी मिळाल्यावर अर्ध्याहून अधिक नुकसान ठेकेदार करतो. तो वरून शेंडाच छाटतो, कारण ते लवकर होतं. अशा झाडाला पुढच्या दोन पावसाळ्यांत भराभर फुटवे येतात, पण ते सालीलगतच अडकलेले असतात आणि वाऱ्यात तेच आधी मोडतात. कामाआधी त्याला तीन काप समजावून सांगा. पहिला बुंध्यापासून फूटभर अंतरावर, फांदीच्या खालच्या अंगाने, जाडीच्या तिसऱ्या भागापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, म्हणजे फांदी साल न ओरबाडता खाली येते. तिसरा उरलेल्या खुंटाचा, बुंध्याजवळच्या फुगीर कंगोऱ्याच्या बाहेरून. तो कंगोरा कापला तर जखम भरून येत नाही आणि ढोली तिथूनच सुरू होते. जखमेवर डांबर किंवा रंग फासू नका. एका वेळी पानोऱ्याच्या, म्हणजे फांद्या-पानांच्या घेराच्या, पाव हिश्शाहून जास्त उतरवू नका. म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमीच बरं.

त्याच दिवशी, माणसं आलेलीच असतात तर, बुंध्याभोवतीचं काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक निदान एक मीटरपर्यंत हाताने काढून घ्या. ब्रेकर लावू नका, मुळं तुटतात आणि उभं झाड आधार गमावतं. उघड्या मातीवर पालापाचोळा पसरा, पण बुंध्याला टेकवून ढीग करू नका. खिळे, दिव्यांच्या माळांच्या तारा, जाहिरातीच्या पाट्या काढून टाका. काम चालू असताना परवानगीपत्राची प्रत फाटकाजवळ लावा, म्हणजे रस्त्यावरून जाणारा कुणी तक्रार करायला निघाला तरी त्याला उत्तर तिथेच मिळेल, आणि काम झाल्यावरचे फोटो वृक्ष अधिकाऱ्यांकडे देऊन त्याचीही पोच त्याच फाइलला लावा.