आधी एकट्यानं उत्तर, मग गटात चर्चा

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं परितेवाडी हे छोटंसं गाव २०२० साली जगाला ठाऊक झालं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या त्यांच्या कामाचं तेव्हा मोठं कौतुक झालं. कोडवर मोबाइल धरला की धड्याचा व्हिडिओ सुरू! पण मोबाइलचा कॅमेरा आणि कागदावरचा काळा-पांढरा छाप यांची जोडी आणखी एका कामी येते, आणि मला ते काम जास्त मोलाचं वाटतं. ते काम म्हणजे मुलांना एकमेकांकडून खरोखर शिकायला लावणं.

नुसते गट पाडून हे साधत नाही. गटात एखादी मुलगी सगळं लिहून काढते आणि बाकीचे तक्ता रंगवतात, हे प्रत्येक शिक्षकानं पाहिलेलं असतं. फ्रान्सचे कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमन यांनी माणसांना दोर ओढायला लावून हेच मोजलं. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकट्यानं ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येतो. थोडं बळ ताळमेळ नसल्यानं वाया जातं, पण माणूस हातही सैल सोडतो. पुढे १९८१ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की आपला वाटा वेगळा मोजला जातोय हे कळलं की ही ढिलाई जवळपास नाहीशी होते.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१ पासून रुजवलेली पद्धत नेमकी इथं उपयोगी पडते. शिक्षक पर्यायी उत्तरांचा एक प्रश्न विचारतात. प्रत्येकानं आधी न बोलता आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. पहिल्या खेपेला साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील, तर चर्चा सर्वांत फळते.

सोलापुरात मी हा प्रश्न विचारेन: मे महिन्यात सावलीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं, तर बाहेरच्या हवेच्या मानानं पाणी कुठं जास्त गार होईल, सोलापुरात की मुंबईत? ‘इथं ऊन जास्त, म्हणजे मुंबईत’ असं अनेकांना वाटेल. पण फडक्यातलं पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. सोलापूरची कोरडी हवा ती वाफ झपाट्यानं सामावून घेते, मुंबईची दमट हवा तेवढी घेत नाही.

ही उत्तरं गोळा करायला मुलांच्या हाती यंत्र लागत नाही. ‘प्लिकर्स’ नावाच्या पद्धतीत प्रत्येकाला वेगळ्या छापाचं कागदी कार्ड मिळतं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपला पर्याय वर येईल असं कार्ड धरायचं. शिक्षकांनी मोबाइल वर्गावरून फिरवला की छापावरून मूल कळतं आणि वर आलेल्या बाजूवरून उत्तर. अक्षरं बारीक असल्यानं शेजाऱ्याचं बघून धरणं अवघड. लाजरं मूलही मोजलं जातं. एका मोबाइलमध्ये हे भागतं, म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी मला टॅबपेक्षा हे बरं वाटतं.

मग बोलणं सुरू होतं, आणि त्यात यंत्रानं पडू नये. सोलापूर शहराच्या पूर्व भागातली दोन मुलं तेलुगूत वाद घालतील, अक्कलकोटकडची कन्नडमध्ये. घालू द्यावा. मुलं हुशार सोबत्याचं ऐकून उत्तर बदलतात, ही शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ती तपासली. चर्चेनंतर त्यांनी त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न एकेकट्याला सोडवायला दिला, तेव्हाही बरोबर उत्तरं वाढलेली दिसली. गटात आधी कुणालाच उत्तर येत नव्हतं, तिथंही समज वाढू शकते असं त्यांच्या आकड्यांतून दिसलं.

एक पथ्य मात्र पाळावं. पहिल्या खेपेचा आलेख चर्चेआधी फळ्यावर दाखवू नये. तो दिसला की मुलं कारण शोधायचं सोडून सर्वांत उंच खांबाकडे झुकतात.