द्विशिक्षकी शाळा

पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतचे सगळे वर्ग दोनच शिक्षक चालवतात अशी ग्रामीण प्राथमिक शाळा. महाराष्ट्रात अशा बहुतेक शाळा जिल्हा परिषदेच्या असून त्या लहान गावांत, वाड्या-वस्त्यांवर, पाड्यांवर आणि तांड्यांवर आहेत. पट (विद्यार्थीसंख्या) साठच्या आत, खोल्या दोन, क्वचित तीन, पुढे व्हरांडा आणि बाजूला स्वयंपाकाची शेड असे तिचे सर्वसाधारण रूप. स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद नसते. दोघांपैकी सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभार असतो. शिपाई नाही, लिपिक नाही. घंटा देण्यापासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत आणि तांदळाच्या हिशेबापासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत सगळे त्या दोघांनीच उरकायचे, आणि ते करता करता शिकवायचेही. पालक हाताशी नसतील तर अशी शाळा महिनाभरही धड चालत नाही. कायद्याने पालकांना समितीत बसवले ते अलीकडे. त्याआधीपासून शाळेचे अडले-नडलेले गावच पाहत आले आहे.

पूर्वपीठिका

ग्रामीण पालकाचा सरकारी शाळेशी पहिला कायदेशीर संबंध आला तो दंडाच्या रूपाने. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी रुपया ही शेतमजुराला न परवडणारी रक्कम होती. जे राज्य दंड लावते त्यानेच शाळा आणि मास्तर पुरवले पाहिजेत, हेही त्यात गृहीत होते, आणि महाराजांनी ते पाळले.

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुढची दोन-अडीच दशके छोट्या गावातली शाळा म्हणजे एकशिक्षकी शाळा असेच समीकरण होते. मंदिर, चावडी किंवा कुणाच्या तरी ओसरीवर ती भरे आणि गुरुजी आजारी पडले की बंद राही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक (शक्यतो त्यांत एक स्त्री) आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य द्यायचे, हे या मोहिमेने ठरवले. आज दिसणारी दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची शाळा मुख्यतः या निर्णयातून घडली. त्यानंतर दुर्गम वस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या. स्थानिक तरुण-तरुणी तुटपुंज्या मानधनावर त्या चालवत. कालांतराने त्यांचे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, आणि मुख्याध्यापकाचे वेगळे पद दीडशेहून अधिक पटावर. वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा निकष नियमांतून आला.

शाळेचा दिवस

सकाळी दहा-साडेदहाला मुले येतात ती बहुधा शिक्षकांच्या आधी. किल्ली शेजारच्या घरी किंवा थोरल्या वर्गातल्या विश्वासू मुलाकडे असते. मैदान झाडून, पाण्याची टाकी भरून झाली की परिपाठ: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाचे प्रास्ताविक, सुविचार, दिनविशेष, पाढे. लहान शाळेत परिपाठ सांगण्याची पाळी दर आठवड्याला प्रत्येकावर येते, त्यामुळे चारचौघांत उभे राहून बोलण्याची भीती इथल्या मुलांची लवकर मोडते. शंभर मुलांच्या शाळेत हीच पाळी हुशार म्हणवल्या जाणाऱ्या पाच-सहा जणांत फिरत राहते.

पहिली-दुसरी एका शिक्षकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे अशी सर्वसाधारण वाटणी असते. एका खोलीत दोन वर्ग एकाच वेळी सांभाळण्याच्या या पद्धतीला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. एका वर्गाला पाठ चालू असताना दुसरा वर्ग स्वाध्याय करतो, तळफळ्यावर (भिंतीच्या तळाशी रंगवलेल्या फळ्यावर) लिहितो किंवा गटप्रमुखाच्या देखरेखीखाली वाचतो. बाहेरच्याला हा गोंधळ वाटतो. पण तिसरीतले मूल गणित सोडवता सोडवता कानाने चौथीचा धडा ऐकत असते, आणि चौथीतले मूल धाकट्याला हातच्याची वजाबाकी समजावताना स्वतः ती पक्की करून घेते. अर्थात हे सगळे दोन्ही शिक्षक हजर असतील तेव्हाचे. एक प्रशिक्षणाला, केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेला, निवडणुकीच्या कामाला किंवा रजेवर गेला की उरलेल्या एकावर चारही वर्ग येऊन पडतात. अशा दिवशी गावातली डी.एड. झालेली सून, बारावी शिकलेला मुलगा, नाहीतर गोष्टी सांगणारी आजी येऊन पहिलीला सांभाळते. याची नोंद कुठल्याही नोंदवहीत नसते.

दुपारचे जेवण हा शाळेच्या दिवसाचा मध्य. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात ही योजना सुरू झाली तेव्हा हजेरीच्या अटीवर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले. प्राथमिक वर्गासाठी मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण आहे. स्वयंपाकी-मदतनीस म्हणून काम करणारी बाई सहसा शाळेतल्याच एखाद्या मुलाची आई किंवा आजी असते. खिचडी ताटात पडण्याआधी शिक्षकाने आणि एका पालकाने ती चाखून चव नोंदवहीत सही करायची असते. सही करायला येणारी आई तेवढ्यात वर्गात डोकावते, आपल्या मुलीची वही चाळते, शेजारणीचा मुलगा दोन दिवस का आला नाही ते बाईंना सांगून जाते. महिनाभरात औपचारिक सभेत होत नाही इतके बोलणे या चव नोंदवहीच्या निमित्ताने होते.

शाळा व्यवस्थापन समिती

अधिनियमाच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल व वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणप्रेमी नागरिक येतात. अध्यक्ष पालकांतूनच निवडतात. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतो. मुदत दोन वर्षे, बैठक दरमहा. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग तपासणे ही कामे समितीकडे आहेत. समग्र शिक्षा योजनेतून तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि एकतीस ते शंभर पटाला २५,००० रुपये एकत्रित अनुदानाची तरतूद आहे. खडू, दुरुस्ती, स्वच्छता, वीजबिल हे सारे त्यातच भागवायचे म्हटल्यावर आराखडा करण्यासारखे फारसे काही उरत नाही, हे समितीतल्या कुठल्याही सदस्याला पहिल्या बैठकीतच कळते.

म्हणून समितीची खरी ताकद दिसते ती शैक्षणिक उठावात, म्हणजे लोकवर्गणी, वस्तू आणि श्रमदान गोळा करण्यात. कुणी रंगाचे डबे देतो, कुणी मुरमाची ट्रॉली टाकतो, गवंडी असलेला बाप दोन दिवस रोजगार बुडवून ओटा बांधून देतो, मुंबई-पुण्याला गेलेली मुले मिळून प्रोजेक्टर पाठवतात. याबाबत गावे उदार असतात. मूल काय शिकले हे विचारण्याबाबत मात्र तीच गावे संकोचतात. शिक्षकाला शिकवण्यावरून प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे पालकांना वाटते आणि बऱ्याच शिक्षकांनाही तसेच वाटते. ज्याने भिंत बांधून दिली तो बाप ‘माझ्या पोराला वाचता का येत नाही?’ हे विचारायला कचरतो. पालक-सहभागाच्या कागदोपत्री यशात ही जागा झाकली जाते.

निम्म्या स्त्रिया ही अट कागदावर सहज पुरी होते. सभेला मात्र नवरा किंवा सासरा येतो, नाहीतर नोंदवही अंगठ्यासाठी घरोघर फिरते. सभा सकाळी अकराला ठेवली तर खुरपणीला गेलेली आई येणार कशी, हा साधा प्रश्न. ज्या शाळांनी सभा संध्याकाळी ठेवल्या किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून माता-पालक मेळावे घेतले, तिथे बायका आल्या आणि बोलल्याही. हळदीकुंकवाला विधवांना बोलवायचे की नाही, हा प्रश्न यातून उभा राहिला. काही शाळांनी सगळ्याच आयांना वाण देऊन तो निकालात काढला. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानातून वस्तीवस्तीवर माता गट तयार करण्यात आले. पहिलीत येणाऱ्या मुलाला घरातल्या डाळी-कडधान्यांतून मोजायला, वर्गीकरण करायला आणि गोष्ट सांगायला लावणे, असे त्याचे स्वरूप आहे. स्वतः फारसे न शिकलेल्या आईलाही यात करण्यासारखे काही आहे. समितीच्या इतिवृत्तावर सही करण्यापेक्षा हे किती तरी पुढचे आहे.

ताणतणाव

जिल्हा परिषद शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी, राहावे असा नियम आहे आणि घरभाड्यासाठी तसा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. गावात भाड्याने मिळण्याजोगी खोली नसते, शिक्षकाची मुले तालुक्याला शिकत असतात; मग ठराव हा बहुतेक वेळा परस्परांच्या समजुतीचा मामला होतो. पण संबंध बिघडले की तोच ठराव शिक्षकाविरुद्ध वापरला जातो. दुसरा ताण बदल्यांचा. २०१७ पासून बदल्या संगणकीय प्रणालीने होऊ लागल्यावर वशिलेबाजी कमी झाली, पण दोन्ही शिक्षक एकदम बदलून जाण्याचा आणि नवा माणूस वेळेवर न येण्याचा फटका छोट्या शाळेलाच अधिक बसतो. अशा वेळी पालक शाळेला टाळे ठोकतात किंवा मुलांना टेम्पोत बसवून पंचायत समितीच्या आवारात शाळा भरवतात. गटशिक्षणाधिकारी त्याच दिवशी तात्पुरता शिक्षक देतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. अर्ज-विनंत्यांना इतके झटपट उत्तर मिळत नाही, हे पालकांनी हेरून ठेवले आहे.

मराठवाड्यातील, विशेषतः बीडसारख्या जिल्ह्यांतील द्विशिक्षकी शाळांचे वर्ष ऊसतोडीवर फिरते. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप कोयता घेऊन कारखान्याच्या भागात जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. सोबत गेलेल्या मुलाला जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक दिले जाते. जाण्याच्या आधीचा आठवडा शिक्षक संध्याकाळी घरोघर फिरतात. कुणाची आजी घरी राहणार, कुणाला चुलत्याकडे ठेवणार, कोण धाकट्या भावंडाला सांभाळायला बरोबर जाणार, हे तिथे उंबऱ्यावर बसून ठरते. आजी राहणार असेल तर मूल टिकते, आणि तिच्याच तब्येतीवर शाळेची हजेरी अवलंबून असते.

पट

शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरते आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जाण्याची पद्धत रूढ आहे. अलीकडे आधार वैध असलेलेच विद्यार्थी मोजले जाऊ लागले. पंचवीस मुले वर्गात बसलेली दिसत असताना तिघांच्या आधारमधले नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही म्हणून कागदावर बावीसच उरतात. मग पालकांनी मजुरी बुडवून मुलाला तालुक्याच्या आधार केंद्रावर न्यायचे, हे शाळेला हातभार लावण्याचे नवे काम झाले आहे. (जुन्या पिढीत हा प्रश्नच नव्हता. दाखल करताना गुरुजी अंदाजाने १ जून लिहीत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्या तारखेला जन्मलेले लोक इतके का, याचे उत्तर शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत आहे.)

पट घटण्याची कारणे घटता जन्मदर, स्थलांतर आणि गावाच्या वेशीपर्यंत येणारी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी ही आहेत. समितीच्या अध्यक्षानेच आपले मूल त्या गाडीत बसवले, तर पालक म्हणून त्याचे सदस्यत्व संपते; असे प्रसंग दुर्मीळ नाहीत. उलट, सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधल्या (शाळांच्या एका गटातल्या) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्याच्या, प्रयोगांनंतर अनेक ठिकाणी लहान सरकारी शाळांत पालकांनी मुले परत आणली. २०२४ मध्ये शासनाने वीस व त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक जागा कंत्राटी शिक्षकाने भरण्याचे ठरवले. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि पुढे त्यात बदल झाले. त्याआधी कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचाही विचार पुढे आला होता. मधला ओढा पावसाळ्यात भरतो, मुलीला एकटीला पाठवता येणार नाही, गाडी रोज येईल याची हमी काय, हे पालकांचे आक्षेप व्यवस्थापन समितीच्या आणि ग्रामसभेच्या ठरावांतून नोंदवले जातात. ठराव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. पदे मात्र पटाच्या आकड्यावरच मंजूर होतात.