शस्त्रक्रियेच्या उपकरणांची धुलाई : स्वच्छतेची व पाण्याची तपासणी

शस्त्रक्रियेत वापरलेली उपकरणे धुऊन, तपासून, बांधून निर्जंतुक केल्यावरच पुन्हा वापरात येतात. त्यांतील धुलाई पुरती झाली का आणि धुण्याचे पाणी त्या कामास योग्य होते का, हे पडताळण्याच्या पद्धती येथे दिल्या आहेत. ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या, की पाकिटाला उष्णता लागली एवढेच कळते; आतील आर्टरी फोर्सेपच्या (रक्तवाहिनी पकडण्याच्या चिमट्याच्या) सांध्यात वाळलेले रक्त राहिले का, हे ती पट्टी सांगत नाही. त्या रक्ताखाली वाफ पोचेलच असे नाही.

रुग्णाला होणाऱ्या संसर्गाच्या धोक्यानुसार उपकरणांचे अतिधोक्याची, मध्यम धोक्याची व कमी धोक्याची असे वर्ग अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी पाडले. कोणी त्याचे साल १९५७ देतात, कोणी १९६८. उपकरणांच्या रासायनिक निर्जंतुकीकरणावर ते १९३९ मध्येच लिहीत होते, म्हणून काही जण उगम तेथवर मागे नेतात. प्रस्तुत नोंदीत १९५७ अधिक ग्राह्य मानले आहे. १९६८ चे लेखन त्याच विभागणीचा विस्तार दिसते. धुलाईचे मोजमाप मात्र बऱ्याच नंतरचे आहे.

पहिली तपासणी डोळ्यांनी, उजेडात, भिंगाखाली होते. पोकळ नळीच्या उपकरणांत बारीक दुर्बीण घालतात. त्यापुढे उरलेली प्रथिने, हिमोग्लोबिन किंवा एटीपी (सजीव पेशींतील ऊर्जाद्रव्य) मोजतात. प्रथिनांसाठी निनहायड्रिनचा (प्रथिनांशी जांभळा रंग देणाऱ्या रसायनाचा) बोळा दीर्घकाळ वापरात आहे. पण तो थोडी प्रथिने पकडत नाही, त्यामुळे ओपीए (ऑर्थो-थॅलाल्डिहाइड या रसायनाची) पद्धत सरस ठरते. धुलाई यंत्रांविषयीच्या आयएसओ १५८८३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पाचव्या भागात (२०२१) प्रथिनांची कृतिमर्यादा (जिथे पोचल्यावर कृती करावीच लागते ती पातळी) दर चौरस सेंटिमीटरला ६.४ मायक्रोग्रॅम आहे. एटीपी यंत्राचे आकडे कंपनीगणिक बदलतात. एका यंत्राची मर्यादा दुसऱ्याला लावू नये.

पाण्याचा प्रश्न सोलापुरात विशेष जाणवतो. शहराला उजनीचे पाणी जलवाहिनीने आणि भीमेच्या पात्रातून टाकळी येथे उचलून मिळते. हिप्परग्याचा एकरुख तलाव (१८७१ च्या सुमारास पूर्ण) हा जुना स्रोत. नळाला रोज पाणी नसते, म्हणून साठवण आलीच, आणि कमी पडले की बोअर किंवा टँकर. बेसाल्टच्या खडकातून मुरलेले बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन (क्षार जास्त असल्याने साबणाला फेस न येणारे), बोलीत ‘जड’, असते. एकाच आठवड्यात एकाच सिंकला निरनिराळे पाणी येऊ शकते. तेव्हा वर्षातून एकदा प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन भागणार नाही. स्रोत बदलला की कठीणपणा (पाण्याचा जडपणा) पुन्हा मोजलाच पाहिजे. ईडीटीए या रसायनाच्या चाचणीत तांबडा रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. सिस्टरना ते काही मिनिटांत जमते.

पिण्याचे पाणी आणि शेवटच्या खळबळणीचे पाणी यांत फार अंतर आहे. पिण्यासाठी भारतीय मानक १०५०० (२०१२) लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणपणा स्वीकारार्ह मानते, पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेते. शेवटच्या खळबळणीसाठी अमेरिकेच्या एसटी १०८ या मानकात (२०२३) तो १ मिलिग्रॅमहून कमी, तर विद्युतवाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप) सेंटिमीटरला १० मायक्रोसीमेन्सहून कमी सांगितली आहे. जड पाण्याने उपकरणावर पांढरा थर बसतो व डिटर्जंटचा जोर मरतो. क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. पहिली खळबळणी मात्र गार पाण्यानेच करावी, कारण गरम पाण्याने रक्त साकळून चिकटते.

आरओ (पाणी गाळून शुद्ध करणारे यंत्र) बसवला तरी त्याच्या मागच्या टाकीकडे दुर्लक्ष होते. साठलेल्या शुद्ध पाण्यातही जिवाणू वाढतात आणि ते मेल्यावर त्यांचे एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातील विषारी द्रव्य) उरते. १२१ अंशांच्या वाफेने जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन टिकते. ते रुग्णाच्या शरीरात गेल्यास ताप येऊ शकतो. म्हणून मीटरवर वाहकता रोज पाहावी, टाकी व नळी ठरलेल्या दिवशी निर्जंतुक करावी, आणि जिवाणूंच्या तपासणीचा नमुना आरओच्या तोंडाशी न घेता सिंकच्या नळाचा घ्यावा.