लँडिंग गिअरचे बिघाड आणि देखभालीचा वाद : पार्श्वभूमी

उड्डाणानंतर चाके आणि त्यांचा सांगाडा, म्हणजे लँडिंग गिअर, पोटात घेणारी विमाने १९३० च्या दशकात रूढ झाली. हा गिअर बिघडला की दोष कुणाचा, तंत्रज्ञाचा, देखभालीच्या वेळापत्रकाचा की विमानाच्या प्रकाराचा, हा आजचा वाद. तो समजून घ्यायला मात्र १९७८ पासून सुरुवात केलेली बरी.

त्या वर्षी २८ डिसेंबरला अमेरिकेत पोर्टलंडला उतरू पाहणाऱ्या एका डीसी-८ विमानाचा उजवा मुख्य गिअर धाडकन खाली आला. तो आत ओढणाऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टन रॉड आणि त्याचे टोक यांना जोडणारे आटे ओलाव्याने गंजले होते. गिअर प्रत्यक्षात लॉक झाला होता, पण हादऱ्याने स्विच निकामी झाल्यामुळे कॉकपिटमध्ये तसे दिसेना. सुमारे तासभर घिरट्या घालण्यात इंधन संपले, विमान कोसळले आणि १० जणांचा जीव गेला. पुढे चर्चा झाली ती वैमानिकांच्या निर्णयांची. त्यातून आलेले प्रशिक्षण मोलाचेच. पण गंजलेल्या आट्यांकडे तितके लक्ष कुणी दिले नाही.

१९९१ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दाहला तर देखभालीतल्या हलगर्जीबद्दल संशयाला जागाच नव्हती. टायरमध्ये हवा कमी आहे हे उड्डाणाआधी माहीत होते, उशीर टाळण्यासाठी विमान तसेच सोडले गेले. धावपट्टीवर पेटलेले टायर आत ओढले गेले आणि २६१ जण मृत्युमुखी पडले.

२००७ चे प्रकरण इतके सरळ नाही. ९ सप्टेंबरला डेन्मार्कमधील आल्बोर्ग आणि १२ सप्टेंबरला लिथुआनियातील व्हिल्नियस येथे एकाच स्कँडिनेव्हियन विमान कंपनीच्या डॅश-८ क्यू-४०० या प्रकारच्या विमानांचे उजवे गिअर उतरताना कोसळले. कारण? ॲक्ट्युएटरच्या, म्हणजे गिअर वर-खाली करणाऱ्या यंत्रणेच्या, रॉडच्या टोकाशी गंजलेले आटे. २९ वर्षांनी, वेगळ्या बनावटीच्या विमानात, जवळजवळ तोच सांधा! हे आटे जोडाच्या आत असतात; सांधा खोलल्याशिवाय गंज दिसत नाही. म्हणून नुसत्या तंत्रज्ञाला दोषी धरणे अन्यायाचे आहे. सांधा कधी उघडायचा हे ज्या वेळापत्रकाने ठरते, ते निर्मात्याच्या शिफारशींवरच उभे असते. १०,००० हून अधिक वेळा उतरलेली विमाने तपासणी होईपर्यंत उडवू नयेत, हा निर्मात्याचा सल्लाही दोन विमाने आडवी झाल्यावरच आला.

मग २७ ऑक्टोबरला कोपनहेगनला त्याच कंपनीच्या तिसऱ्या क्यू-४०० चा उजवा गिअर खालीच येईना. दुसऱ्याच दिवशी कंपनीने या प्रकारची सगळी विमाने कायमची सेवेतून काढली. या निर्णयावर आजही दोन तट आहेत. प्रवाशांचा विश्वास उडाल्यावर दुसरा मार्ग उरला नव्हता, असे एक बाजू सांगते, आणि दीड महिन्यात तीन अपघात पाहता ते समजण्यासारखे आहे. पण तिसऱ्या घटनेत गंज नव्हताच. एक ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, गिअर हलवणाऱ्या हायड्रॉलिक तेलाच्या वाटेत अडकून बसली होती. युरोपीय नियामकानेही काही दिवसांतच या घटनेचा आधीच्या दोन घटनांशी संबंध नसल्याचे सांगितले. दोन वेगळे दोष एकाच निर्णयात गुंडाळल्याने सगळा ठपका विमानाच्या प्रकारावर गेला. ती ओ-रिंग तिथे पोहोचली कशी आणि आटे आधी का उघडले गेले नाहीत, हे प्रश्न बातम्यांतून लवकरच मागे पडले.

२००८ मध्ये विमान कंपनी आणि निर्माता यांच्यात भरपाईची तडजोड झाली. कंपनीने त्याच निर्मात्याकडे नव्या विमानांची मागणीही नोंदवली.