किडनीतली छोटी गाठ: अख्खी किडनी काढण्यापासून सुईपर्यंत

मामांची राजारामपुरीत सोनोग्राफी केली ती पित्ताचे खडे बघायला, खडे काय सापडले नाहीत पण उजव्या किडनीवर अडीच सेंटीमीटरची गाठ सापडली. मामी म्हणाली किडनी काढूनच टाका, एकावर माणूस जगतो की. डॉक्टर म्हणाले सुईनं जाळता येईल बहुतेक, तर घरात कुणाला पटेना. म्हणून जरा मागचं वाचून काढलं.

मामीचं म्हणणं काय येडेपणाचं नव्हतं बरं का. १९६० च्या दशकात रॉबसन नावाच्या सर्जननी किडनी, भोवतीची चरबी, सगळं एकत्र काढायची पद्धत रुजवली आणि पुढं कितीतरी वर्षं तोच नियम. तेव्हा गाठ कळायचीच उशिरा, लघवीतून रक्त गेल्यावर किंवा पोटात गोळा हाताला लागल्यावर. मग सीटी आणि सोनोग्राफी गल्लोगल्ली आली आणि चार सेंटीमीटरच्या आतल्या, काहीच त्रास न देणाऱ्या गाठी अशाच अचानक दिसायला लागल्या. एवढ्याशा गाठीसाठी अख्खी किडनी कशाला, असा प्रश्न मग आपोआपच आला.

१९९० ला अमेरिकेत सेंट लुईसला क्लेमन यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून किडनी काढली, ८५ वर्षांच्या आजी, गाठ तीन सेंटीमीटर. चिरा लहान झाला पण किडनी गेलीच. पुढं दुर्बिणीतून, नंतर रोबोटनं फक्त गाठ कापून किडनी ठेवायला लागले, आणि १९९० च्याच दशकात सुई आली: सीटीत बघत बघत पाठीतून घालायची आणि गाठ तिथंच रेडिओ लहरींनी भाजायची नाहीतर आर्गॉन वायूनं गोठवायची.

पुढं काय होतं, हे मात्र लई गुंतागुंतीचं. युरोपातल्या एका ट्रायलमध्ये ५४१ पेशंट होते, निम्म्यांची अख्खी किडनी काढली, निम्म्यांची नुसती गाठ. किडनी वाचवलेल्यांचं तिचं काम चांगलं राहिलं, पण १० वर्षांनी जिवंत मात्र किडनी काढलेलेच थोडे जास्त, ८१ टक्के विरुद्ध ७६. मी दोनदा वाचलं! एकूण ११७ मृत्यूंपैकी किडनीच्या कॅन्सरनं फक्त १२, म्हणजे बाकीच्यांना नेलं दुसऱ्याच कशानं तरी. मला तर हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मामा ७१ चे आणि शुगर जुनी, त्यांची किडनी आधीच दमलेली.

सुईचं म्हणाल तर तीन सेंटीमीटरच्या आत ती चांगली चालते, त्याच जागी गाठ परत यायचं प्रमाण ऑपरेशनपेक्षा जरा जास्त, पण सुई परत घालता येते. स्कॅन मात्र वर्षानुवर्षं करत राहायचे, ते चुकवून चालत नाही.

आणि त्या सेंट लुईसच्या आजींची गाठ शेवटी कॅन्सरची निघालीच नाही, साधी होती. अशा छोट्या गाठींत पाचातली एक साधी निघते म्हणे. मामांची बायोप्सी मंगळवारी आहे.