स्की टूरिंगची बाइंडिंग आणि स्किन

रोपवे किंवा लिफ्टच्या आधाराशिवाय, पायांत स्की बांधूनच बर्फाळ डोंगर चढायचा आणि त्याच स्कीवरून घसरत उतरायचे, याला स्की टूरिंग म्हणतात. बुटाला स्कीशी धरून ठेवणारी यंत्रणा म्हणजे बाइंडिंग. चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची लवदार पट्टी म्हणजे स्किन. नांदेड, परभणी, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून सचखंड एक्स्प्रेसने उत्तर गाठून पुढे गुलमर्ग, मनाली किंवा औलीकडे जाणाऱ्याला वर्षात फार तर दहा-पंधरा दिवस बर्फ मिळतो. उरलेले साडेअकरा महिने हे साहित्य मराठवाड्यातल्या घरात असते आणि त्यातले दोन-अडीच महिने पारा चाळिशीच्या आसपास किंवा वर असतो. बर्फाच्या देशात राहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या साहित्याच्या याद्यांत या उन्हाळ्याचा विचार नसतो. येथील माणसाला तो करावाच लागतो.

बाइंडिंगची कामे तीन. चढताना टाच मोकळी सोडून बुटाचे नाक बिजागरीसारखे फिरू द्यायचे, उतरताना टाच पक्की धरायची, आणि पडल्यावर पिळवटलेला गुडघा किंवा नडगी मोडण्याआधी बूट सोडून द्यायचा. पहिली दोन कामे आज बहुतेक सगळी बाइंडिंग नीट करतात. निवडीत खरा कस लागतो तो तिसऱ्या कामाचा.

सर्वांत हलका प्रकार पिन बाइंडिंगचा. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी 1980च्या दशकात ही रचना शोधली आणि डायनाफिट कंपनीने ती बाजारात आणली. बुटाच्या नाकाशी दोन्ही बाजूंना धातूचे खळगे असतात, त्यांत दोन पिना बसतात. टाचेत आणखी दोन पिना जातात. चढताना फक्त बूट उचलला जातो, बाइंडिंग आणि स्की बर्फावरच सरकत राहते. शर्यतीचे असे एक बाइंडिंग दीडशे ग्रॅमच्या आत असते, रोजच्या वापराचे साधारण 250 ते 600 ग्रॅम. जुन्या फ्रेम बाइंडिंगमध्ये मात्र टाचेपासून नाकापर्यंतची अख्खी चौकट बुटाबरोबर वर येते आणि एकेकाचे वजन किलोच्या पुढे जाते. उचलल्या जाणाऱ्या भागाचे अर्धा किलो धरले तरी एका पायाच्या हजार पावलांत पाचशे किलो जादा उचलले जातात. समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरवर राहणारा नांदेडचा माणूस 2,650 मीटरवरच्या गुलमर्गात पोचतो तेव्हा त्याला आधीच धाप लागत असते, आणि हे ओझे त्याला पहिल्याच दिवशी जाणवते. तिसरा प्रकार मिश्र. चढताना पिना, उतरताना नेहमीच्या उतार-स्कीइंगसारखी (लिफ्टने वर जाऊन फक्त घसरत उतरायचे, त्यासारखी) पकड. 2018 साली आलेले सालोमनचे शिफ्ट हे यातले सर्वांना माहीत असलेले नाव. त्याचे वजन 900 ग्रॅमच्या आसपास असते.

पिन बाइंडिंगच्या हलकेपणाची किंमत सुटण्यात मोजावी लागते. उतार-स्कीइंगच्या बाइंडिंगमध्ये पाय पिळवटला की बूट नाकाकडून बाजूला सुटतो. पारंपरिक पिन बाइंडिंगमध्ये बाजूचे आणि पुढचे, दोन्ही सुटणे प्रामुख्याने टाचेच्या भागावर सोपवलेले असते. चढताना नाकाकडची कळ वर ओढून पिना कुलूपबंद करतात, नाहीतर तिरप्या कडक उतारावर स्की मध्येच निघून जाते. अशी कळ लावलेली असताना बूट जवळपास सुटतच नाही. हिमकडा कोसळला तर न सुटलेली स्की माणसाला नांगरासारखी खाली ओढते. उतरायला सुरुवात करण्यापूर्वी ही कळ उतरण्याच्या स्थितीत आणली का, हे दर वेळी हाताने चाचपून पाहावे. पिनांखाली किंवा नाकाच्या स्प्रिंगखाली बर्फ दाटला तरी पकड अर्धवट बसते आणि बूट अवेळी सुटतो. तो टोकदार काडीने आधी खरवडून काढावा लागतो.

किती जोरावर बूट सुटावा हा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि घसरण्याची पद्धत यांवरून ठरतो. तो जाणकार तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यावा. मित्राचे बाइंडिंग त्याच्या आकड्यासह वापरणे हा सरळसरळ हाड मोडण्याचा धोका आहे. एखाद्या मॉडेलवर आयएसओ 13992 या टूरिंग बाइंडिंगच्या मानकाचे प्रमाणपत्र असेल तर वर्षातून एकदाच स्की करणाऱ्याने त्याला झुकते माप द्यावे, थोडे ग्रॅम जास्त पडले तरी चालतील. सराव कमी असलेला माणूस जास्त पडतो, म्हणून शर्यतीची अतिहलकी बाइंडिंग त्याच्या कामाची नाहीत. मधल्या वजनाचे, चढणीवर टाचेखाली उंचवटा देणारे आणि सुटलेली स्की थांबवणारा ब्रेक असलेले पिन बाइंडिंग बहुतेकांना पुरते. बूट भाड्याने घेणार असाल तर खळगे आहेत का ते आधी बघा. उतार-स्कीइंगच्या साध्या बुटांना ते नसतात. बूट पिनांत अचूक बसवणे नवख्याला सुरुवातीला जमत नाही, पण हा सराव घरी सतरंजीवर स्की ठेवूनही करता येतो.

स्किन कशी काम करते हे समजायला उस्मानाबादी शेळीच्या पाठीवरून हात फिरवून पाहावा. मानेकडून शेपटीकडे हात सहज जातो, उलटा फिरवला की केस उभे राहून अडतात. स्किनची लव अशीच एका दिशेने बसवलेली असते. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी यासाठी सीलचे कातडे वापरत, नाव त्यावरूनच राहिले. आता नायलॉन, मोहेर किंवा दोन्हींचे मिश्रण असते. मोहेर हा अंगोरा शेळीचा केस. तो हलका, छान सरकणारा आणि कमी जागेत मावणारा असतो, पण लवकर झिजतो. नायलॉन जास्त पकडतो, टिकतो, स्वस्तही पडतो, मात्र सरकताना अडखळतो. 70 टक्के मोहेर आणि 30 टक्के नायलॉन हे प्रचलित मिश्रण हिमालयातल्या कोरड्या आणि ओल्या दोन्ही बर्फाला चालते. पहिली जोडी घेणाऱ्याने तेच घ्यावे.

पट्टी स्कीच्या आकारानुसार कापताना दोन्ही बाजूंच्या पोलादी कडा साधारण दोन-दोन मिलिमीटर उघड्या ठेवतात, नाहीतर कडक बर्फावर कडा रुतत नाहीत. मार्च-एप्रिलच्या उन्हात पट्टी भिजते आणि सावलीच्या थंड बर्फात शिरताच तिच्यावर बर्फाचे गोळे धरतात. निघण्याआधी लवेला स्किनचे मेण चोळले की हा त्रास बराच कमी होतो.

खरी नाजूक गोष्ट पट्टीच्या पाठीवरचा डिंक. तो फार गारठला की चिकटत नाही, म्हणून थांब्यावर पट्टी जॅकेटच्या आत ठेवतात. उष्णतेत त्याचे उलटे होते. डिंक पातळ होतो, लवेत उतरतो, स्कीच्या तळावर थर सोडतो. काश्मीरमधल्या खोल्यांत बुखारीजवळ (खोली उबवणाऱ्या शेगडीजवळ) ओल्या पट्ट्या टांगणे याच कारणाने टाळावे, दूर सावलीत वाळवाव्यात. मराठवाड्यात परतल्यावर पत्र्याच्या खोलीत, गच्चीवरच्या कोठीत किंवा उन्हात उभ्या गाडीत त्या कधीही ठेवू नयेत. जुने माळवदाचे घर असेल तर पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची आतली अंधारी खोली यासाठी उत्तम. पट्टीच्या डिंकावर सोबत आलेली जाळी किंवा कागद लावून गुंडाळी करावी आणि हवाबंद पिशवीत घालावी, कारण काळ्या मातीची बारीक धूळ एकदा डिंकात बसली की निघत नाही. आता काही कंपन्या डिंकाऐवजी सिलिकॉनसारखा थर देतात. तो सोलायला सोपा असतो, पण धूळ आणि ओल त्यालाही नकोशी असते.

जानेवारीत निघायचे असेल तर दिवाळीनंतर लगेच गुंडाळी उघडावी. डिंकावर अंगठा दाबून उचलावा. अंगठ्याला डिंक लागला, किंवा स्कीवर लावून सोलल्यावर तळावर चिकट डाग राहिले, तर जुना डिंक काढून नवा थर द्यावा लागेल, आणि त्याला हाताशी दोन-तीन आठवडे असलेले बरे.