चारही बाजू बरोबर, तरी खोली तिरकी

४ मीटर बाय ३ मीटरच्या खोलीची आखणी केली. चार खुंट्या, ताणलेली सुतळी, टेप लावून चारही बाजू मोजल्या आणि कुठेच फरक निघाला नाही. तरीही आखलेली आकृती आयत असेलच असं नाही. एक कोन ९० ऐवजी ८९ अंशांचा झाला असेल, तर तो निव्वळ समांतरभुज चौकोन. समोरची अख्खी बाजू सव्वापाच सेंटीमीटर सरकलेली असते, पण १२ चौरस मीटरांतून क्षेत्रफळ घटतं ते जेमतेम १८ चौरस सेंटीमीटर. म्हणून चूक डोळ्यांना दिसत नाही. ती दिसते फरशी बसवताना, भिंतीलगतच्या ओळीत पाचरीसारखे तुकडे कापावे लागतात तेव्हा.

टेप कर्णांवर धरला की चोरी लगेच पकडली जाते. दोन्ही कर्ण ५ मीटर यायला हवेत, इथे एक येतो ५०४.२ सेंटीमीटर आणि दुसरा ४९५.८. दुरुस्तीसाठी ४ मीटरची एक बाजू पक्की ठेवायची. समोरच्या बाजूच्या दोन्ही खुंट्या त्याच रेषेत, लांब कर्ण आखूड होईल त्या दिशेला सरकवायच्या. ३ मीटरच्या बाजू बदललेल्या नाहीत ना, हे पाहून कर्ण पुन्हा मोजायचे.

याचं कारण असं, की तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो, पण चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही; तो सांध्यांतून कलू शकतो. दाराची चौकट बसवेपर्यंत सुतार तिच्यावर तिरपी पट्टी ठोकून ठेवतो ती यासाठीच. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) हा मुद्दा भलत्याच तिखटपणे मांडला आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याच्याहून मोठा पिशाच! त्यांचंच उदाहरण घ्या. चारही बाजू २५. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००, कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६, आणि चौरस असेल तर ६२५.

तेव्हा चौकोनांची नातीगोती लावायची, तर बाजूंपेक्षा कर्णांपासून सुरुवात करणं सोयीचं. खराट्याच्या दोन सरळ काड्या घ्या. त्या एकमेकींवर आडव्या ठेवून चार टोकांना क्रमाने दोरा गुंडाळला की काड्या म्हणजे कर्ण आणि दोरा म्हणजे बाजू. काड्या एकमेकींना बरोबर मध्यावर छेदत असतील, तर समांतरभुज चौकोन मिळतो. त्याच काड्या समान लांबीच्या असतील तर आयत. लांबी वेगळी पण काटकोनात छेदत असतील तर समभुज चौकोन. समान लांबी आणि काटकोन, दोन्ही जमलं की चौरस. म्हणजे चौरस हा आयतही आहे आणि समभुज चौकोनही, कारण त्याने दोघांच्याही अटी पाळल्या आहेत. ‘चौरस आयत नसतो’ असं ठासून सांगणारी मुलंच नव्हे, मोठी माणसंही भेटतात. त्यांच्या बाजूने युक्लिड आहे हे मान्य करायला हवं: त्याच्या व्याख्येत आयताच्या चारही बाजू समान असायला मनाई होती. आज ती व्याख्या कोणी वापरत नाही. आयताबद्दल सिद्ध केलेलं सगळं चौरसाला फुकट लागू पडतं, हा फायदा कोण सोडेल?

आता काटकोन तसाच ठेवून एक काडी दुसरीवरून वरखाली सरकवा, मात्र सरकणारी काडी स्वतःच्या मध्यावरच छेदली जायला हवी. मिळतो तो पतंग. सरकता सरकता छेदनबिंदू दुसऱ्या काडीच्याही मध्यावर आला, की पतंगाचा समभुज चौकोन होतो.

खरी गंमत समलंब चौकोनात आहे. २० सेंटीमीटरच्या दोन काड्या घ्या, प्रत्येकीवर टोकापासून ८ सेंटीमीटरवर खूण करा आणि खुणेवर खूण ठेवा. काटकोन टाळा, म्हणजे आकार नीट उठून दिसेल. ८-८ची टोकं जोडणारी बाजू आणि १२-१२ची टोकं जोडणारी बाजू समांतर येतात, त्यांची लांबी २:३ प्रमाणात. कर्ण मात्र समान! म्हणून नुसते कर्ण सारखे आले एवढ्यावर ‘गुण्यात आहे’ (म्हणजे कोपरे काटकोनात आहेत) म्हणून पुढे जाणं धोक्याचं. समोरासमोरच्या बाजू आधी मोजायच्या, मगच कर्ण.